अमेरिकेतल्या लहान गावाला पाणी-सांडपाण्याच्या कामासाठी सरकारी कर्ज कसं मिळतं?

गाव 1,800 वस्तीचं, नळजोडण्या 700, पाइपलाइन जुनी, आणि तुम्ही पाणी मंडळावर नव्याने निवडून आलात, असं तुम्ही लिहिलंय. पहिलं दार ठोठावा ते कृषी खात्याच्या ‘रूरल डेव्हलपमेंट’चं. कृषी खातं आणि गटारं हे विचित्र वाटेल, पण 10,000 पर्यंत वस्तीच्या गावांना अशा कामांसाठी 40 वर्षांपर्यंतचं, स्थिर व्याजाचं कर्ज तेच देतं.

व्याजाचे दर तीन, आणि ते दर तिमाहीला बदलतात. गावाचं मध्यक कौटुंबिक उत्पन्न (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली असतात तो आकडा) राज्याच्या बिगर-महानगरी मध्यकाच्या 80 टक्क्यांखाली असेल आणि काम आरोग्याच्या निकषांसाठी लागत असेल, तर सर्वांत कमी दर व 75 टक्क्यांपर्यंत अनुदान. 80 ते 100 टक्क्यांत मधला दर, अनुदान 45 टक्क्यांपर्यंत. 100 टक्क्यांच्या वर बाजारदर आणि अनुदान शून्य. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, कुणाचा हक्क नव्हे. आसपासच्या तशाच योजनांइतकं तुमचं बिल खाली यावं, एवढ्यापुरतंच अनुदान मिळतं. वर्षानुवर्षं पाणीपट्टी न वाढवलेल्या मंडळाला इथेच धक्का बसतो, कारण त्याचं बिल आधीच कमी असतं. जनगणना खात्याचा उत्पन्नाचा आकडा नमुना पाहणीतून येतो, त्यामुळे लहान गावात तो बराच चुकू शकतो. तशी शंका असेल तर स्वतंत्र उत्पन्न सर्वेक्षणाबद्दल आधी विचारा.

आता हिशेब. समजा 30 लाख डॉलर कर्ज, 3 टक्के व्याज, 40 वर्षं. वार्षिक हप्ता सुमारे 1,30,000 डॉलर, म्हणजे दर जोडणीला महिना साडेपंधरा डॉलर. त्यावर हप्त्याच्या एक दशांश रक्कम दरवर्षी राखीव ठेवायची, एक पूर्ण हप्ता साठेपर्यंत. ते आणखी दीड डॉलर. शिवाय पंप, मीटर, टाकीचा रंग अशा लवकर झिजणाऱ्या वस्तूंसाठी वेगळा निधी. पाणीपट्टीचं उत्पन्नच मुख्य तारण असल्याने दरवाढीचा ठराव आधी मनात पक्का करा, अर्ज नंतर.

अर्जाचा कणा म्हणजे अभियंत्याचा प्राथमिक अहवाल. त्यात पर्यायांची तुलना आणि देखभाल खर्च धरून पूर्ण आयुष्याचा खर्च लागतो. एकच पर्याय रेटलेला अहवाल परत येतो. पर्यावरण तपासणी पूर्ण होण्याआधी कंत्राट देऊ नका, खोदू नका, नाहीतर पात्रताच धोक्यात येते. सर्वांत जास्त वेळ खातात ते खासगी जमिनीतून पाइप नेण्याचे हक्क, कारण एखाद्या जुन्या लाइनचा कागदच सापडत नाही. वकिलाला पहिल्या महिन्यातच कामाला लावा. लोखंड-पोलादाचे पाइप, व्हॉल्व्ह, झाकणं अमेरिकेत बनलेली हवीत, हे निविदेतच लिहा. कर्ज 5 लाख डॉलरवर असेल तर बांधकामापुरतं तात्पुरतं कर्ज बहुधा बँकेकडून उचलावं लागतं. आधी स्वतःचा वाटा खर्च होतो, मग कर्ज, शेवटी अनुदान. उरलेलं अनुदान परत जातं, म्हणून अंदाजपत्रक फुगवण्यात फायदा नाही.

दुसरं दार राज्याच्या फिरत्या निधीचं, म्हणजे परत आलेल्या हप्त्यांतून पुन्हा नवी कर्जं देणाऱ्या निधीचं: सांडपाण्याचा 1987 पासून, पिण्याच्या पाण्याचा 1996 पासून. काही राज्यांत तिथलं व्याज कमी पडतं आणि मुद्दलात सूटही मिळते, पण मुदत सहसा 20 ते 30 वर्षं, म्हणून हप्ता मोठा. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे एकदमच बोला. दोघांचा पैसा एकाच कामात बसू शकतो. आणि अर्ज भरायला सल्लागाराला पैसे देण्याआधी राज्याच्या रूरल वॉटर संघटनेला फोन करा. त्यांची फिरती तंत्रज्ञ मंडळी गावात येऊन फुकट मदत करतात.