मनातलं विचारा: लग्न मोडलं, अंदमानची तिकिटं तशीच आहेत

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची, नागपूरच्या प्रतापनगरला राहते, मिहानमध्ये नोकरी करते. डिसेंबरात माझं लग्न होतं. हॉल बुक, पत्रिका छापून आलेल्या, अर्ध्या वाटूनही झालेल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यानं फोन करून सांगितलं की मला हे जमणार नाही, दुसरं कोणीतरी आहे. चार वर्षांची ओळख होती आमची, घरच्यांनी जमवलेलं नव्हतं. आता घरात सगळे माझ्याभोवती हळू आवाजात बोलून राहिले, मावशी रोज डबा घेऊन येते, शेजारच्या काकू गेटवरच थांबवतात. हनिमूनसाठी अंदमानची तिकिटं आधीच काढून ठेवली होती, कोलकात्यावरून, दोघांची, माझ्याच कार्डवरून, हॅवलॉकला रिसॉर्टपण बुक आहे. मला वाटून राहिलं की आपण एकटीनंच जावं. आई म्हणते डोकं फिरलं का तुझं, बाबा काहीच बोलत नाहीत, मैत्रीण म्हणते बिनधास्त जा, एकदम नवीन होऊन येशील. मला पोहता येत नाही, एकटीनं पुण्यापलीकडे कधी गेली नाही. जाऊ का?

उत्तर: जा गं. पण त्या तारखांना नको आणि त्या रिसॉर्टमध्ये तर अजिबात नको.

डिसेंबर ते फेब्रुवारी हॅवलॉक नवीन लग्न झालेल्यांनी भरलेलं असतं. हातावर मेंदी, मनगटभर चुडा, बेडवर फुलांच्या पाकळ्या, बीचवर दोघांसाठी मांडलेलं कॅण्डललाइट डिनर, आणि बुकिंग दोन नावांचं असल्यामुळे रिसेप्शनवरचा माणूस अगदी चांगल्या मनानं विचारणार, मॅडम, सर मागून येताहेत का? हे तुला चेक-इनला, नाश्त्याला, टॅक्सीवाल्याला, परत परत सांगावं लागेल. गेटवरच्या काकूंपासून सुटायला निघालेल्या मुलीनं हेच प्रश्न समुद्र ओलांडून ऐकायचे, याला काही अर्थ नाही.

आधी तिकिटांचं बघ. कार्ड तुझं आहे म्हणजे त्याला फोन करायची गरजच नाही, तो मोह टाळ. एकाच पीएनआरवर दोघं असले तरी एअरलाइनला सांगून ते वेगळे करता येतात आणि एकाचं तिकीट रद्द करता येतं. नाव बदलून त्याच्या जागी मैत्रीण, असं मात्र होत नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे चार्जेस परत द्यावे लागतात, विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे, ते मागून घे. रिसॉर्टला मेल टाक, बुकिंग एका माणसाचं करून तारीख पुढे ढकलता येते का विचार, नाहीच म्हणाले तर सोडून दे ते पैसे.

आणि लग्नाची जी तारीख होती ना, मला खरी काळजी त्या दिवसाची वाटते. तो दिवस तू अनोळखी खोलीत एकटीनं काढू नको. तो इथेच, नागपुरात, तुझ्या माणसांमध्ये काढ. सकाळी मैत्रिणीला घरी बोलाव, बाबांना म्हण चला फुटाळा तलावावर चक्कर मारून येऊ, ते बोलणार नाहीत कदाचित पण येतील. रडायला आलं तर रड, कोणी गप्प बसवलं तर सांग की आज मला रडू द्या. हा दिवस आपल्या माणसांसोबत पार पडला की मग प्रवास करायला मोकळी, त्याच्या आधी निघालीस तर पूर्ण ट्रिपभर डोक्यात तेच चालू राहील की आत्ता हळद लागली असती, आत्ता मांडवात असते.

मार्च धर. समुद्र सहसा शांत असतो, हनिमूनवाल्यांची गर्दी ओसरलेली असते, शाळांच्या परीक्षांमुळे फॅमिलीपण कमी. मे उजाडला की पावसाचं लक्षण सुरू होतं, बोटी रद्द होतात, तेव्हा त्याच्या पुढे नको जाऊ.

मैत्रीण म्हणते नवीन होऊन येशील. ती प्रेमानं म्हणते, पण मी तसं काही कबूल करणार नाही तुला. बेट कोणाला बरं करत नाही. बेट एवढंच करतं की रोज जखमेवर बोट ठेवणाऱ्या गोष्टी काही दिवस लांब नेतं, आणि तेवढंही खूप असतं. २०१० साली अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ तरुण माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते, सगळी नकार मिळालेली आणि अजून त्याच माणसात अडकलेली. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला की मेंदूचे तेच भाग जागे व्हायचे जे व्यसनाच्या तलफेत जागे होतात, आणि जितके जास्त दिवस उलटलेले तितकी ओढीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी दिसली. म्हणून त्याचा डीपी बघायला हात जातो तेव्हा स्वतःला कमजोर समजू नको, ती तलफ आहे, आणि दर वेळी बघितलं की ती परत पेटते. चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल २०२० मध्ये आली तरी नील-हॅवलॉक या बेटांवर मोबाइलची रेंज अजून बऱ्याच ठिकाणी जाते-येते. तू जिला अडचण समजशील ती तुझ्या कामाची आहे. निघायच्या आधी त्याचा नंबर, चॅट, फोटो सगळं बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनमध्ये टाकून तुझ्या फोनमधून काढ, कायमचं फेकायचं की नाही ते नंतर ठरव.

आता संध्याकाळचं ऐक, हे ट्रॅव्हल एजंट सांगत नाही. अंदमान इतकं पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे तिथे सूर्य आपल्या फार आधी मावळतो, डिसेंबरात तर पाचच्या सुमारास, मार्चमध्येही साडेपाचला उन्हं संपतात आणि थोड्याच वेळात मिट्ट अंधार. आपल्याकडे त्या वेळेला बर्डीच्या बाजारात गर्दी व्हायला लागलेली असते. मन मोडलेल्या माणसाला दिवस जातो, संध्याकाळ खायला उठते, आणि तिथे ती लवकर सुरू होते आणि लांब चालते. म्हणून दिवस पहाटे सुरू कर, उजेड लवकर होतो, पाच-साडेपाचला बाहेर पड, रात्री नऊला झोप. मधल्या वेळेचं आधीच ठरवून ठेव. पोर्ट ब्लेअरला असशील तेव्हा सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो बघ. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला तो तुरुंग, सात विंगांपैकी आता तीनच उरल्यात, आणि अशी रचना की एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. तिथून बाहेर आल्यावर आपलं दुःख लहान वाटायलाच पाहिजे असं काही नाही, तुझं दुःख तुझ्या मापाचं आहे. पण बघ जरूर.

बेट निवडायचं तर मी नील म्हणेन. लहान आहे, सायकल भाड्यानं घेऊन एका दिवसात फिरून होतं, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं, भाजीपाल्याची शेती, नारळ, सुपारी. माणसं आपापल्या कामात असतात, हिंदी सगळीकडे चालते, मासे-भात कुठेही मिळतो, शाकाहारी असशील तरी उपाशी राहणार नाहीस. भरतपूरला पाणी उथळ आणि निळं, लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीला बघायची, वेळ होमस्टेवाल्याला विचार. हॅवलॉकचा राधानगर बीच खरंच सुंदर आहे, पण तो शेवटी ठेव, मन झालं तर जा, नाही झालं तर परत ये. बोटीच्या तिकिटावर नावं वेगळी दिसतील, घाबरू नको: २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, वारा वाढला की बोट रद्द होते. कॅश जवळ ठेव, एटीएमवर भरवसा नको.

पोहता येत नाही म्हणून थांबू नको, पण नियम पाळ. कमरेपर्यंतच पाणी, जिथे लाइफगार्ड आणि चार माणसं आहेत तिथेच, अंधार पडल्यावर नाही. काही ठिकाणी मगरीचे बोर्ड आहेत, ते खरे आहेत, खाडीच्या बाजूला पाय टाकू नको. पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्याला पोहता यावं लागत नाही, ट्रेनर सोबत असतो, पण दमा असेल, सर्दीनं नाक बंद असेल किंवा झोपेच्या-टेन्शनच्या गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर खरं लिही, लपवू नको. आणि स्कुबा केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नाही.

आईशी भांडून जाऊ नको. तिला "एकटी" या शब्दाची भीती नाही, तू तिथे काही करून घेशील याची भीती आहे, आणि ती ते तोंडानं बोलू शकत नाही. तूच बोल. म्हण, आई, मी मरायला जाऊन नाही राहिली, मला थोडी शांतता पाहिजे. होमस्टेचा नंबर दे, रोज एक वेळ ठरव आणि त्या वेळेला फोन कर, रेंज नसेल तर होमस्टेवाल्याच्या फोनवरून कर.

आणि हे अगदी मनापासून विचारते, स्वतःला खरं उत्तर दे: झोप लागते का, जेवण जातं का, जगूच नये असं वाटतं का? दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप-भूक उडालेली असेल किंवा तसला विचार एकदाही आला असेल तर ट्रिप बाजूला ठेव, आधी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा, सोबत आईला ने. १४४१६ हा टेली मानसचा फुकट नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. बेट कुठे जात नाही, ते पुढच्या मार्चमध्येही तिथेच असेल.

प्रश्न: माझी मुलगी ३१ वर्षांची, मागच्या वर्षी घटस्फोट झाला. आता म्हणते एकटी लक्षद्वीपला जाते. आम्ही मानेवाड्याचे साधे लोक. मी सोबत जाऊ का? तिला सांगितलं तर चिडते.

उत्तर: ताई, नका जाऊ सोबत. तुमचा जीव तुटतो हे कळतं, पण तुम्ही सोबत असलात की ती तुमच्यासाठी हसरा चेहरा करून फिरेल, आणि तेच तर ती वर्षभर घरात करून राहिली असेल. लक्षद्वीपला भारतीयांनाही परमिट लागतं, आणि बहुतेक प्रवास कोचीवरून, विमान अगत्तीला उतरतं किंवा कोचीहून जहाज. परमिट-बुकिंगला वेळ जातो, त्या कामात तिला मदत करा, कागद जमवा, तेवढी सोबत तिला चालेल. वस्ती जवळपास सगळी मुस्लिम, बंगाराम सोडलं तर दारूबंदी, गावात कपडे अंगभर घातलेले बरे, आणि एकट्या बाईला त्रास होण्यापेक्षा चौकशाच जास्त होतील. ती परत आल्यावर मात्र पहिल्याच दिवशी "आता पुढे काय ठरवलंस" विचारू नका. काय खाल्लं, समुद्र कसा होता, हे विचारा, बाकीचं ती स्वतः सांगेल.

प्रश्न: ब्रेकअप झालं, मित्र म्हणतात थायलंडला, फुकेतला जाऊ, सगळं विसरशील. पगार २२ हजार, पर्सनल लोन मिळून राहिलं. घेऊ का? (महाल, वय २५)

उत्तर: नको घेऊ भाऊ. दर महिन्याला खात्यातून हप्ता कटला की तिचीच आठवण येईल, आणि ते दोन-तीन वर्षं चालेल. शिवाय मित्रांचा प्लॅन ऐकून वाटतं की तिथे मुख्य काम पिणं आहे, आणि दारूनं झोप खराब होते, दुसऱ्या दिवशी मन अजून खाली जातं. समुद्रच पाहिजे असेल तर नागपूरहून पुरीला थेट रेल्वे जाते, स्लीपरचं तिकीट तुझ्या पगारात सहज बसतं. तिथला समुद्र खवळलेला असतो, आत फार जाऊ नको, काठावर बस, पहाटे मच्छीमारांच्या होड्या येतात त्या बघ. एकटा जा किंवा असा एक मित्र ने ज्याच्यासमोर रडायला लाज वाटणार नाही. तेवढीही सुट्टी मिळत नसेल तर रविवारी रामटेकला जाऊन खिंडसी तलावाच्या काठावर दिवसभर बस, फोन घरी ठेव, घरी मात्र सांगून जा.