घरचं माणूस प्रचाराला निघतं तेव्हा

पुणे महापालिकेची २०२६ ची निवडणूक होऊन गेली, तरी तिच्याबद्दलची पत्रं थांबलेली नाहीत. त्यातली बरीच एकाच गोष्टीभोवती फिरतात: उमेदवाराची बायको किंवा नवरा दारात येऊन मत मागतो, त्याने काही फरक पडतो का? निवडक पत्रं आणि त्यांना उत्तरं देत आहोत.

कोथरूडहून एक वाचक: माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात असते. ती सांगते, तिकडे अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या बायका आणि नवरे पक्षाचा उमेदवार ठरायच्या वर्षभर आधीपासून गावोगाव फिरतात. अशा प्रचाराने मत खरंच बदलतं का?

पक्षांतर्गत निवडीत, म्हणजे प्रायमरीत, बदलू शकतं. मुख्य निवडणुकीत फारसं नाही. मुख्य निवडणुकीत बहुतेकांचं मत पक्षाच्या नावावर आधीच ठरलेलं असतं. प्रायमरीत सगळे इच्छुक एकाच पक्षाचे आणि धोरणांत फरक उन्नीस-बीसचा. मग मतदार माणूस बघतो, आणि माणसाबद्दल सांगायला घरच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या अभ्यासकांनी २०१८ साली प्रचाराच्या ४९ प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. दारोदार फिरणं, फोन, पत्रकं यांनी मुख्य निवडणुकीत मत वळण्याचं सरासरी प्रमाण जवळपास शून्य निघालं. प्रायमरीत मात्र परिणाम दिसला. हा अभ्यास एकूण प्रचाराचा आहे, जोडीदारांचा नव्हे. तरी जोडीदाराचा वेळ कुठे लावावा, हे त्यावरून कळतं.

या कामाचा धडा घ्यायचा तर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांच्याकडून. १९७५ साली जिमी कार्टर यांना जॉर्जियाबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. रोझलिनबाई एका मैत्रिणीला बरोबर घेऊन गाडीने फ्लोरिडात शिरल्या. अनोळखी गाव आलं की रेडिओचा उंच खांब कुठे दिसतो ते बघायचं, गाडी तिकडे वळवायची आणि आत जाऊन सांगायचं, 'माझे यजमान अध्यक्षपदाला उभे आहेत, माझी मुलाखत घ्या.' समोरच्याला काय विचारावं हे सुचत नसे, म्हणून प्रश्नांची चिठ्ठीही त्याच पुढे करत. मार्च १९७६ मध्ये कार्टर यांनी फ्लोरिडाची प्रायमरी पक्षातलेच प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस यांच्यावर मात करून जिंकली. ती एकट्या बायकोमुळे जिंकली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण एक हिशेब पक्का आहे: नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या, तर एका दिवसाचे दोन दिवस होतात. जोडीने मंचावर उभं राहून हात हलवण्यात हा दुसरा दिवस वाया जातो.

तुमच्या मुलीच्या आयोवातलं उदाहरण २००८ चं. तिथे प्रायमरी नसून कॉकस असे. थंडीत संध्याकाळी ठरल्या वेळी शाळेत किंवा सभागृहात जमायचं आणि शेजाऱ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या गटात उभं राहायचं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये साधारण १५ टक्के माणसं जमली नाहीत तर तो गट मोडायचा. म्हणजे नुसतं 'आवडतो' म्हणून भागत नाही, माणूस घराबाहेर पडला पाहिजे. मिशेल ओबामा भाषण संपवून थांबत नसत, काठावरच्यांकडून पाठिंब्याचं कार्ड भरून घेत. कार्यकर्त्यांनी त्यांना 'क्लोजर' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे सौदा पक्का करणारी. कार्डावर नाव-नंबर लिहिला की मतदानाच्या दिवशी आठवण करायला यादी तयार.

आपल्याकडे प्रायमरी नाही. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला होता, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूरमध्ये. दोन्ही जागा पक्ष हरला आणि प्रयोग तिथेच विरला. पुण्यातली प्रायमरी म्हणजे तिकिटाची मुलाखत आणि पक्षाचा सर्व्हे. तिथे जोडीदाराने मतदाराऐवजी पक्षाचे बूथप्रमुख सांभाळायचे असतात. सर्व्हेवाले आणि निरीक्षक विचारपूस करतात ती त्यांच्याकडेच.

औंधहून एक वाचक: घरच्या माणसामुळे नुकसान झाल्याचंही उदाहरण आहे का?

आहे, आणि नाव मोठं आहे. २००८ च्या जानेवारीत हिलरी क्लिंटन यांच्यासाठी बिल क्लिंटन साउथ कॅरोलिनात तळ ठोकून होते. पत्नीबद्दल बोलायचं सोडून ते प्रतिस्पर्धी बराक ओबामांवर तुटून पडू लागले. २६ जानेवारीला, ऐन मतदानाच्या दिवशी, कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनीही हे राज्य १९८४ आणि १९८८ मध्ये जिंकलं होतं, असं ते बोलून गेले. ओबामांचं यश फक्त कृष्णवर्णीय मतांचं, असा त्याचा अर्थ लागला. त्या प्रायमरीतले निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. ओबामांना सुमारे ५५ टक्के मतं मिळाली, हिलरींना २७. निकाल फिरला तो या एका वाक्याने नव्हे, पण पुढचे कित्येक दिवस बातम्यांत उमेदवार मागे आणि यजमान पुढे राहिले. विरोधकावर तोफ डागायला पक्षाचे प्रवक्ते असतात. घरच्या माणसाने ती डागली की तोफखाना घरावरच उलटतो.

सिंहगड रोडहून एक वाचक: आमच्या प्रभागातली एक जागा महिला राखीव झाली आणि कार्यकर्ता असलेल्या नवऱ्याऐवजी बायको उभी राहिली. प्रचार मात्र नवराच करत होता. हे मतदारांना खटकत नाही का? आणि नीट करायचं तर कसं करावं?

तुम्ही मुद्द्याला हात घातला आहे. अमेरिकेतले बहुतेक किस्से बायकोने नवऱ्यासाठी फिरण्याचे. आपल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळे इथे 'उमेदवाराचा जोडीदार' म्हणजे पुष्कळदा नवरा. आरक्षणाची सोडत निघाली की आठवड्यात चौकातल्या फ्लेक्सवरचा मोठा फोटो लहान होतो आणि लहान फोटो मोठा होतो.

खटकतं का? पुरुष मतदारांना फारसं नाही, ते नवऱ्याला ओळखत असतात. बायकांना खटकतं, पण त्या तोंडावर बोलत नाहीत. त्यांच्या मनात प्रश्न असतो, निवडून आल्यावर फोन कोण उचलणार? त्याचं उत्तर भाषणात देऊन चालत नाही, कार्डावर द्यावं लागतं. परिचयपत्रावर पहिला नंबर उमेदवार बाईंचा स्वतःचा हवा आणि प्रचाराच्या काळातही तो त्यांनीच उचलायला हवा. नवऱ्याचा नंबर छापायचाच तर खाली, 'कार्यालय' म्हणून.

दारात उभं राहण्याचीही रीत आहे. बेल वाजवून उमेदवार पुढे, नवरा दोन पावलं मागे, हातात मतदार यादी. पहिलं अर्धं मिनिट बाईच बोलणार: नाव, कुठे राहते, आणि त्याच गल्लीतलं एक काम. ड्रेनेज तुंबलेलं असेल तर ड्रेनेज. घरातल्याने नवऱ्याकडे बघून प्रश्न विचारला तरी उत्तर बाईनेच द्यायचं. नवरे नेमके इथे घसरतात. 'मी सांगतो' हे दोन शब्द दहा दारांवर उच्चारले की सगळ्या सोसायटीला कळतं, कारभार कोण करणार.

पहिले दोन दिवस जोडीने, पुढे वेगळं. आकडेमोड करून बघा. २०२६ च्या निवडणुकीत चिन्हं ३ जानेवारीला मिळाली, प्रचार १३ ला थांबला, मतदान १५ ला. हाती धड दहा दिवस. सोसायटीत सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ एवढाच वेळ चालतो. दुपारी १ ते ४ पुण्यात कोणाची बेल वाजवणं म्हणजे ठरलेलं मत घालवणं. दाराला पाच-सहा मिनिटं, गेटवरची नोंद, लिफ्टची वाट आणि कुलूपबंद घरं धरून एका माणसाची दिवसाला चाळीस-पंचेचाळीस घरं होतात. दहा दिवसांत साडेचारशेच्या आत. प्रभाग सरासरी ८०-८५ हजार वस्तीचा. म्हणजे घरचं माणूस सगळीकडे पोचणं अशक्यच, त्याला ठरवून पाठवावं लागतं. जिथे मतं पक्की आहेत तिथे कार्यकर्ते पुरतात. जोडीदाराला पाठवायचं ते काठावरच्या घरांत: नाराज झालेला जुना कार्यकर्ता, तिकीट न मिळालेल्याचे नातेवाईक, सोसायटीचे सेक्रेटरी, बचत गटाच्या अध्यक्षा. सोसायटीत वरच्या मजल्यावरून सुरुवात करून जिन्याने खाली यावं. लिफ्ट एकदाच लागते आणि जिन्यात भेटणारे चार जण फुकट मिळतात. पेठेतल्या वाड्यात उलटं. तिथे आधी खालच्या बिऱ्हाडी टेकायचं, वरचे आपणहून डोकावतात.

चार सदस्यांच्या प्रभागात आणखी एक खड्डा असतो. जोडीदाराचा जीव आपल्या माणसाच्या जागेत अडकलेला, म्हणून तो 'बाकी कुणालाही द्या, पण एक मत आमच्या हिला द्या' असं सांगून मोकळा होतो. तिथेच पक्षाच्या चौघांचं पॅनेल फुटतं. बाकीच्या तिघांचे जोडीदारही तेच करू लागले की चौघेही गोत्यात. मतदाराला चार मतं द्यायची असतात आणि प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. प्रचार करणाऱ्याने जागेचं अक्षर, रंग आणि चिन्ह या क्रमाने चारही सांगावीत. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं बटण असतं. चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. ज्येष्ठ नागरिक इथेच गोंधळतात आणि मागे रांग खोळंबते.

शेवटी यादीवरच्या खुणा. बरोबर, प्रश्नचिन्ह आणि फुली, एवढ्या तीनच ठेवाव्यात. घरची माणसं हसून बोलणाऱ्या प्रत्येकापुढे 'बरोबर'ची खूण करतात. पुण्यात 'बघू' हा सभ्य नकार असतो आणि 'हो हो, नक्की' म्हणजे 'आता निघा'. खरं मत ओळखायचं तर 'मत देणार ना?' विचारू नये. 'मतदानाला किती वाजता निघणार, बरोबर कोण?' असं विचारावं. वेळ सांगितली तर बरोबर, 'ते बघू त्या दिवशी' म्हटलं तर प्रश्नचिन्ह. आयोवातल्या कार्डाचं काम इथे हा प्रश्न करतो.

हडपसरहून एक वाचक: उमेदवाराच्या पत्नीने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, वाण म्हणून स्टीलचे डबे दिले. हा आचारसंहितेचा भंग होतो का?

यंदा संक्रांत १४ जानेवारीला आणि मतदान दुसऱ्या दिवशी, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला. घरगुती हळदीकुंकवाला कोणी हरकत घेत नाही. मतासाठी वस्तू दिली की ती लाच ठरते, भले देणारा उमेदवार नसून त्याची बायको असो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये लाचेची व्याख्या आहे आणि कलम १७३ मध्ये शिक्षा: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. खाणं-पिणं, करमणूक अशा पाहुणचाराच्या स्वरूपातली लाच असेल तर फक्त दंड. डबा पाहुणचारात बसत नाही. डब्यावर चिन्ह असेल, पिशवीत पत्रक असेल किंवा बोलावणं मतदार यादी बघून गेलं असेल, तर मतासाठी दिल्याचा हेतू दाखवणं सोपं जातं.

खर्चाचंही ध्यानात असू द्या. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रकं यांवर दुसऱ्याने पैसे खर्च केले तर कलम १७६ खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'दुसऱ्या'त नवरा-बायकोही आले. एक पानाचं अधिकारपत्र करून ठेवावं, बिलं उमेदवाराच्या निवडणूक खात्यात दाखवावीत, पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापावी.

कसबा पेठेतून एक वाचक: पत्नी टपाल खात्यात आहे. पुढच्या वेळी मी उभा राहिलो तर ती सुट्टी घेऊन प्रचार करू शकेल का?

नाही. रजेवर असलेला कर्मचारीही कर्मचारीच असतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम ५ विधिमंडळांपुरता नसून स्थानिक संस्थांच्या निवडणुकांनाही लागू आहे. त्या मत देऊ शकतात, पण कोणाला दिलं याची सूचनाही करायची नाही. अंगावर, गाडीवर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं हाही वजन वापरण्याचाच प्रकार धरला जातो. तुम्ही एकाच घरात राहता, तेव्हा गॅलरीतला झेंडा आणि तिच्या स्कूटीवरचा स्टिकर दोन्ही टाळा. नातेवाईक हौसेने लावून जातात आणि नोटीस तिला येते.