सहा महिने आणि 'सोयीने'

"मॅडम, सहा महिन्यांत तो फिरला तर?"

मानेवाड्याहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलली. तीन वर्षांपासून माहेरी, सात वर्षांची मुलगी. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात नुकताच दाखल झालेला. घरी आईचं रोजचं टुमणं, "अजून काय करून राहिलं तुझं कोर्ट?"

तिची भीती खरी होती. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधले, अर्ज केल्यावर थांबायचे सहा महिने ही काळ्या दगडावरची रेघ नाही. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते माफ करण्याची वाट मोकळी केली. अर्जाआधीच दोघं दीड वर्ष वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं खरोखर मिटलेलं हवं, आणि थांबून फक्त यातनाच लांबणार असाव्यात. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने कारणं देऊन ही मागणी करता येते.

"मग उद्याच वकिलांना सांगते," म्हणत ती उठली. मी संमतीपत्र मागितलं. पोटगीचा आकडा होता, दागिन्यांची यादी होती. मुलीबद्दल एकच ओळ : 'वडिलांना सोयीने भेटता येईल.'

कुणाच्या सोयीने? ती गप्प झाली. मग सांगितलं, गेल्या दिवाळीत याच भेटीवरून तिचा भाऊ आणि नवरा फाटकात भिडले होते. मुलगी आत पलंगाखाली जाऊन बसली होती.

हे मिटलेलं नव्हतं. न्यायाधीशांच्या नजरेतून ती ओळ एखादवेळी सुटलीही असती, मला सोडवेना. मी नवऱ्याला बोलावलं. तो आला, हे मला फार मोलाचं वाटलं. त्याचं दुखणं वेगळंच निघालं : "पोरीच्या गॅदरिंगचंसुद्धा मला कोणी कळवत नाही." तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

चार बैठका लागल्या. दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीचे दोन दिवस. शाळेचे निरोप दोघांच्या फोनवर. न्यायला तो एकटा येईल आणि मामा फाटकावर थांबणार नाही, हेही मी लिहायला लावलं.

मग सहा महिने माफ करण्याचा अर्ज गेला आणि मंजूर झाला. निकालाच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, रविवारी सकाळी थंडी राहील ना? बॅगेत स्वेटर टाकून देते. त्याच्या लक्षात राहत नाही."