राखाडी की पिवळा? वाईच्या जुन्या घराचा रंग

प्रश्न : वाईत गंगापुरीत आमचं सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं आणि सागवानी दारं-खिडक्या. रस्त्याकडच्या भिंतीला मागे प्लास्टिक पेंट दिला होता. त्याचे पापुद्रे सुटताहेत आणि खालच्या बाजूला लोणा लागलाय, म्हणजे पांढरे क्षार फुटून आलेत. आता मुलांना नव्या बंगल्यांसारखा राखाडी हवाय. सासूबाई म्हणतात, पूर्वीचा पिवळाच द्या. जोत्यालाही रंग द्यावा का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे. तुमच्या घराला तीन रंग मुळातच आहेत : दगडाचा काळा, कौलांचा तांबडा आणि सागवानाचा तपकिरी. भिंतीचा रंग या तिघांशी जमला पाहिजे. आपल्याकडचा काळा पाषाण कोरडा असताना राखाडीच दिसतो, भिजला की काळाभोर होतो. पावसाळ्यात मेणवलीला नदीच्या घाटावर गेलात तर हा फरक नीट बघून घ्या. त्या दगडावर राखाडी भिंत आली, की उन्हाळ्यात जोतं आणि भिंत एकमेकांत मिसळून जातात आणि घर बसकं दिसतं. फिकट पिवडी, म्हणजे चुन्यात कालवायचा पिवळ्या मातीचा रंग, मात्र कोरड्या दगडावरही उठून दिसते आणि ओल्या दगडावरही, शिवाय कौलांच्या तांबड्याशी तिचं छान जमतं. जोत्याला रंग अजिबात देऊ नका. घडीव दगडाच्या सांध्यांत एकदा रंग शिरला की तो काढताना दगड खरवडला जातो.

पण छटा ठरवण्याआधी भिंतीचं दुखणं बघायला हवं. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि हवेत सोडून देतो. त्यावर प्लास्टिक पेंटचा थर बसला की ओल आत अडकते आणि बाहेर पडायला जागा शोधते. तुमचे पापुद्रे त्याचेच आहेत. त्यावर पुट्टी आणि नवा पेंट चढवला तर तोही सुटेल. म्हणून रंग चुन्याचाच द्या, पिवडी घालून. आधी सुटलेला सगळा थर पत्र्याने खरवडून काढा. क्षारांची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, कारण पाण्याबरोबर क्षार परत भिंतीत जातात. मग ओल येते कुठून ते शोधा. भिंतीला लागून सिमेंटचा कोबा केलाय का? पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय का? जुन्या घरांत बहुतेक वेळा या दोनांपैकी एक कारण निघतं. कोबा भिंतीपासून हातभर तोडून तिथे खडी भरा. गिलावा पडलाय तिथे चुन्यानेच दुरुस्त करा. सिमेंटचं ठिगळ कडक राहतं आणि कडेने फुटतं.

भिंत सुकली की तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच मुरले तर चुना बसेल. मोत्यासारखे घरंगळले तर जुना पेंट अजून शिल्लक आहे, आणि चुना त्यावर धरणार नाही.

चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आधीच पाण्यात विरवून, गाळून ठेवा. विरताना पाणी उकळतं आणि उडतं, तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. पिवडी वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, मगच चुन्यात घाला. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घालू नका, नाहीतर भिंतीला टेकलं की सदऱ्याला रंग लागतो. संपूर्ण बाजूला पुरेल एवढा रंग एकाच पिंपात करा, कारण दुसऱ्या पिंपाची छटा हुबेहूब जुळत नाही. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, सुकल्यावर फुलतो आणि बराच फिकट होतो. म्हणून पिंपात बघून छटा ठरवू नका. रस्त्याकडच्या आणि परसाकडच्या भिंतीवर तीन-तीन फुटांचे चौकोन मारा, पूर्ण सुकू द्या आणि सकाळी, भर दुपारी, दिवे लागताना असे तिन्ही वेळा बघा. हे बघताना सासूबाईंना बरोबर घ्या. पूर्वीची छटा त्यांच्या डोळ्यांत आहे, ती कुठल्याच शेडकार्डात मिळणार नाही.

हात पातळ द्या, तीन तरी हवेतच. प्रत्येक हाताआधी भिंत पाण्याने ओलसर करा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. ऊन ज्या बाजूला नसेल ती बाजू त्या वेळी घ्या. उन्हात चुना भराभर सुकला की त्याची भुकटी होते. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर रंग काढायची रीत आहे, पण तेव्हा जुन्या भिंती आतून ओल्याच असतात. फाल्गुन-चैत्रात काम धरा, म्हणजे मृगाच्या पावसाआधी चुन्याला पक्कं व्हायला वेळ मिळतो.

सागवानावर ऑइलपेंट असेल तर तो काढून जवसाचं तेल पातळ हाताने चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा आणि मग टाका. मुलांचा राखाडी खिडक्यांच्या लोखंडी गजांना द्या, आधी गंज काढून प्राइमर लावा. पिवडीच्या भिंतीत तो चांगला दिसेल.