बगळा पांढराफटक, रोहित राखाडी आणि इतर भानगडी

थंडी पडली की कपाटातले कॅमेरे बाहेर निघतात आणि आमच्याकडे प्रश्नांचा ढीग लागतो, यंदाही लागलाय. ‘कुठला कॅमेरा, कुठली लेन्स घेऊ’ वाले सगळे बाजूला काढले, त्यातला एकच शेवटी घेतलाय. बाकीचे खऱ्या उन्हापावसातले आहेत, त्यांना आधी मान.

प्रश्न: ताई, मागच्या हिवाळ्यात ७०-३०० ची टेली (लांबचं जवळ आणणारी) लेन्स घेऊन भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर गेलो होतो. बोटीतून भरपूर फोटो काढले, घरी येऊन बघतो तर बगळे सगळे पांढरेफटक, पिसं म्हणून दिसत नाहीत, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा मात्र मळकट राखाडी. एकाच सकाळी एकाच कॅमेऱ्यात दोन उलट प्रकार कसे? लेन्स गेली का?
(बारामतीहून एक वाचक)

उत्तर: लेन्स ठणठणीत आहे, तिला काही करू नका. कॅमेऱ्याला बगळा कळत नाही हो, त्याला फक्त उजेड किती येतोय ते कळतं, आणि समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या राखाडी रंगाचं असणार असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, ठरवून मोकळा होतो. आता उजनीच्या गडद पाण्यात एक बगळा एवढासा उभा, बाकी अख्खी फ्रेम काळपट, मग कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, उजळवूया, आणि त्या उजळवण्यात बगळा जळतो, म्हणजे पिसं न दिसता पांढराफटक होतो. इथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यावरची ती +/- ची सोय) मायनसमध्ये घ्यायचं, -०.७ पासून सुरुवात करा, कडक ऊन असेल तर आणखी खाली जा. रोहितांच्या थव्याचं बरोबर उलटं झालंय, फ्रेम भरून फिक्कट पक्षी, मागं चकाकणारं पाणी नाहीतर धुरकट आभाळ, कॅमेरा म्हणतो फारच उजेड झाला, कमी करा, की आला राखाडी. तिथं प्लस.

म्हणजे ‘पांढरा पक्षी दिसला की प्लस करा’ हे जे व्हॉट्सअॅपवर फिरत असतं ते अर्धवट आहे. पक्षी कुठल्या रंगाचा हे बघायचंच नाही, फ्रेममधली जास्त जागा कोणी खाल्लीय ते बघायचं. एक फोटो काढला की लगेच स्क्रीनवर हायलाइट अलर्ट बघा (मेनूत चालू करून ठेवा), जळलेला भाग लुकलुकतो. बगळ्याच्या पाठीवर लुकलुकलं की अजून थोडं मायनस. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. नेहमीच्या जेपेगमध्ये एकदा जळलेलं पीस परत येत नाही, रॉमध्ये निदान थोडं तरी ओढून आणता येतं.

शटरच्या वेगाचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, बोट हलत असते त्यामुळे बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० सेकंदापेक्षा हळू जाऊ नका, उडणारा असेल तर १/२०००, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर टाका आणि त्याने फोटोत येणाऱ्या दाण्यांची काळजी सोडा, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा. ट्रायपॉड गाडीतच राहू दे, छोट्या बोटीत तो नुसता पायात येतो. कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या बाजूने जाल तेव्हा नावाड्याला एवढंच सांगा की दादा, ऊन पाठीशी राहील असं न्या आणि जवळ गेल्यावर इंजिन बंद करा. पुढचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, कुठला पक्षी कुठल्या खुंटावर येऊन बसतो हेसुद्धा. निघायच्या आधी फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. रोहितला चोच घालायला उथळ पाणी आणि चिखल लागतो, धरण काठोकाठ भरलेलं असलं की त्या वर्षी ह्या जागा उशिरा उघड्या पडतात आणि थवेही उशिरा येतात, लोक मात्र ठरलेल्या तारखेला जातात आणि पक्षीच नव्हते म्हणून ओरडत परततात. आणि कोणी ‘थवा उडवून दाखवू का साहेब’ म्हणालं तर नको म्हणा. ते तिथं पोट भरायला आलेत, दिवसभर बोटींनी उठवत राहिलं तर खाणार कधी.

प्रश्न: आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात चपला, पर्स, दारं सगळ्यावर बुरशी येते. ह्या वर्षी लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पुसून जात नाही. डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल का?
(चिपळूणहून एक वाचिका)

उत्तर: ताई, डांबरगोळ्या अजिबात नको, त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसतो आणि मग बुरशी परवडली म्हणायची वेळ येते. ते जाळं म्हणजे फंगसच. आतल्या काचेवर आहे म्हणून पुसून जात नाहीये. घाबरून लगेच दुकान गाठू नका, थोडं असेल तर फोटोत दिसतही नाही, सूर्यासमोर धरून काढलेल्या फोटोतच धुरकटपणा येतो. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी किट लेन्स असेल तर उघडून साफ करायचा खर्च आणि दुसरी जुनी लेन्स यांचा भाव आधी शेजारी शेजारी ठेवून बघा. महागाची असेल तर मात्र वाट बघू नका, कारण फंगस जुनं झालं की काचेवरचं कोटिंग खातं आणि मग साफ करूनही डाग राहतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी, ती जी पॅडिंगची बॅग कॅमेऱ्यासोबत येते ना, तिच्यात कॅमेरा ठेवायचा नाही, ती ओल धरून बसते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर, आकडा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे (ह्या कामाला जुना तवा ठेवा, पोळ्यांचा नको). तांदळात कॅमेरा पुरून ठेवणारे महाभाग अजून आहेत, त्याने नुसती भुकटी आत जाते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्यातही कॅमेरा वापरत राहणं. अंधाऱ्या कपाटात चार महिने पडलेल्या लेन्सलाच बहुतेक वेळा लागतं. एसी गाडीतून एकदम घाटात उतरताना मात्र कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, गार काचेवर बाहेरची दमट हवा लगेच पाणी होऊन बसते, दहापंधरा मिनिटं थांबून मग काढा.

प्रश्न: फक्त मोबाइल आहे. चालेल ना?
(लातूरची कॉलेजकन्या)

उत्तर: धावेल. आधी लेन्स पूस, खिशातल्या तेलकट बोटांनी जेवढे फोटो बिघडतात तेवढे कशानेच नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक कर, मग उजेडाची पट्टी खाली ओढ, सूर्यास्ताचे रंग लगेच परत येतात. झूम बोटांनी नको, पायांनी कर.

प्रश्न: मागच्या ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर गेलो ते खास इंद्रवज्र बघायला. संध्याकाळी कोकणकड्यावर अंधार पडेपर्यंत बसलो, दरीत ढगही होते, काही दिसलं नाही. नशीब का?
(कल्याणहून एक वाचक)

उत्तर: नशीब नाही दादा, दिशा. इंद्रवज्रासाठी सूर्य तुमच्या पाठीशी लागतो आणि ढग समोर, खाली. तुमची सावली त्या ढगावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य तुमच्या समोर होता, मग सावली पडली तुमच्या मागं गवतात. सकाळी जायचं, ऊन तुमच्या पाठीवर आलेलं आणि दरीत ढग भरलेले, दोन्ही एकाच वेळी जुळलं तरच. पावसाळा संपता संपता हे जास्त जुळतं. गंमत म्हणजे शेजारी उभ्या मित्राला त्याच्या डोक्याभोवतीचं कडं दिसतं, तुम्हाला तुमच्या, त्यामुळे ‘माझ्या डोक्यामागचं काढ रे’ असं त्याला सांगून उपयोग नाही, तुमचं तुम्हीच काढा. कड्याजवळ पालथं झोपून पुढे सरकायचं, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभ्याने एक पाऊलही पुढे टाकायचं नाही.

प्रश्न: बाल्कनीतल्या जास्वंदीत बुलबुलने घरटं केलंय, पिल्लं आलीत! पण पानं मध्ये येतात. दोनतीन फांद्या कापल्या तर मस्त फोटो मिळेल. कुठली लेन्स वापरू?
(डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: फांद्या कापू नका. ती पानं म्हणजे पिल्लांचं छप्पर आहे, ऊन अडवतात आणि कावळ्यापासून लपवतात. कावळा समोरच्या केबलवर बसून तुम्ही काय करताय ते बघतच असतो. सारखं जवळ जाऊ लागलात तर आईबाप खायला घेऊन यायचेच लांबवतात. फोटो हवाच असेल तर घरातून, काच बंद, पडद्याच्या फटीतून, फ्लॅश नाही, आणि पानाआडून दिसेल तेवढंच. पिल्लं दोनेक आठवड्यांत उडून जातात, तोवर जास्वंदीला पाणीही अंदाजाने आणि हळूच घाला. घरट्याचे फोटो कित्येक स्पर्धांत घेतच नाहीत, हेही सांगून ठेवते.

प्रश्न: कासच्या पठारावर सप्टेंबरात गेलो. डोळ्याला जांभळा गालिचा दिसत होता, फोटोत नुसती हिरवी जमीन आणि मध्ये ठिपके. असं का?
(पुण्याहून एक वाचक)

उत्तर: कारण तुम्ही उभे होतात आणि वाइड लेन्स खाली रोखलीत, मग फुलांच्या मधल्या सगळ्या मोकळ्या जागा दिसतात. वाटेवरच खाली बसा, लेन्स तेरड्याच्या फुलांच्या उंचीला आणा, टेलीने लांबवर बघा, पुढची-मागची फुलं एकमेकांवर चढतात आणि गालिचा तयार होतो. वाट सोडून आत मात्र पाय टाकायचा नाही. सड्यावर (खडकाळ पठारावर) मातीचा थर अगदी पातळ आहे, सीतेची आसवं नावाची फुलं एवढी बारीक की बुटाखाली किती गेली ते कळतसुद्धा नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचंही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा डोकी जास्त असतात, जमलं तर मधल्या वारी जा. ढगाळ दिवस मिळाला तर सोनं, कडक उन्हात जांभळा रंग फिका पडतो. वारा असतोच, म्हणून शटर १/५०० तरी ठेवा.

प्रश्न: माझा नवरा ट्रिपला गेला की ‘दोन मिनिटं’ म्हणून गायब होतो, आम्ही मुलांना घेऊन उन्हात. काय करू?
(नाशिकहून एक त्रस्त)

उत्तर: पहाटेचा उजेड सगळ्यात चांगला असतो, हे त्यांनाही माहितीये. सहा ते साडेआठ त्यांचे, तुम्ही झोपा, साडेआठनंतर कॅमेरा तुमच्या पिशवीत. परत येताना चहा घेऊन यायचा अशी अट घाला.

प्रश्न: ताई, बजेट कमी आहे, मुंबईत बोरा बाजारातून सेकंडहँड टेली लेन्स घ्यावी म्हणतोय. फसणार तर नाही?
(पालघरहून एक वाचक)

उत्तर: जा बिनधास्त, फक्त घाई करू नका. मोबाइलचा टॉर्च मागून आत मारा आणि पुढून तिरकं बघा, फंगस, धूळ, ओरखडे सगळं लगेच दिसतं. थोड्या धुळीने काही होत नाही, जाळं दिसलं की सोडा. झूमची रिंग पूर्ण फिरवा, मध्ये अडकते का बघा. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप बाहेर सरकली तर भाव पाडायला मुद्दा मिळाला. स्वतःचा कॅमेरा न्या, रस्त्यावरच्या पाटीचे मोठ्यात मोठ्या छिद्रावर (अॅपर्चरवर) फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा, एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स बहुधा कधीतरी पडलीये. बिल आणि निदान आठवड्याची बदलून द्यायची बोली कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.