चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनर आणून गाडीचं काम घरीच करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची पेट्रोल गाडी, वॉरंटी संपलेली. चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१७१ कोड आला आणि 'ऑक्सिजन सेन्सर टाकावा लागेल' असं सांगण्यात आलं. सेन्सरची किंमत ऐकून तुम्ही विचारताय की स्वतःच स्कॅनर घेऊन सर्व्हिसिंगसकट सगळं घरी करावं का, आणि घ्यायचा तर कोणता.

करता येतं. माझ्या गाडीचं बहुतेक काम मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. पण आधी सेन्सरचं बोलू. तो अजून विकत घेऊ नका.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवलं कोणी? एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या या ऑक्सिजन सेन्सरनेच. चोर शिरला म्हणून शिट्टी वाजवणाऱ्या वॉचमनलाच कामावरून काढावं, तसा हा सल्ला आहे. सेन्सर स्वतः बिघडला की बहुतेक वेळा वेगळे कोड येतात: व्होल्टेज कमीच राहत असेल तर पी०१३१, सेन्सर सुस्त झाला असेल तर पी०१३३, त्याचा हीटर गेला असेल तर पी०१३५. आणि हीटरचा कोड आला तरी आधी फ्यूज बघायचा असतो. कोड कुठला पार्ट बदला ते सांगत नाही. कॉम्प्युटरला काय खटकलं तेवढंच सांगतो. हे लक्षात ठेवलंत तर स्कॅनरचे पैसे पहिल्याच वेळी वसूल होतील.

आता स्कॅनर. भारतात चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड देण्याची प्रमाणित पद्धत, एप्रिल २०१३ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असणारच. त्यात बसणारं ईएलएम३२७ (गाडीचा कॉम्प्युटर आणि फोन यांच्यातली दुभाषी चिप) जातीचं ब्लूटूथ डाँगल ऑनलाइन हजाराच्या आत मिळतं. यातली बहुसंख्य नक्कल असते. पाकिटावर 'व्हर्जन १.५' लिहिलेलं असेल तर खात्रीच समजा, कारण ही चिप काढणाऱ्या मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरी कोड वाचायला आणि इंजिनचे चालू आकडे बघायला बरी नक्कलही पुरते. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ डाँगल चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेलं बघून घ्या. अ‍ॅप म्हणून टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चांगली. एवढंच, की डाँगल कायम लावून ठेवू नका. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट गाडी बंद असतानाही येत असतो, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर स्टार्टर नुसता टकटक करेल.

डाँगल लावलंत की लगेच कोड क्लिअर करायचा मोह होतो. तो आवरा. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम, कोडबरोबरच पुसली जाते. वेग किती होता, आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती हे सगळं त्यात असतं. कूलंट ३५ अंशांवर असताना कोड पडला असेल तर सकाळी गाडी थंड असतानाचं दुखणं शोधायचं. ९० अंश, तिसरा गिअर आणि भरपूर लोड असेल तर घाट चढतानाचं. आधी स्क्रीनशॉट काढा, मग पुढचं.

पुढचं म्हणजे फ्युएल ट्रिम. माझ्या मते अख्ख्या स्कॅनरमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि गॅरेजमध्ये घाईत हीच कोणी बघत नाही. कॉम्प्युटर ठरल्या गणिताने पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सरकडे बघतो आणि थोडं वाढवतो किंवा कमी करतो. त्या फेरफाराचा टक्का म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलते, लाँग टर्म म्हणजे कॉम्प्युटरने मुरवून घेतलेला फेरफार. दोन्हींची बेरीज बघायची. शून्याच्या पाच टक्के इकडेतिकडे म्हणजे उत्तम, दहापर्यंत चालतं, वीस-पंचवीसच्या पुढे टिकून राहिली की दिवा लागतो.

इथे आपल्याकडची एक भानगड लक्षात घ्या. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते तिथे ई२० ला साधारण १३.५ पट पुरते. तुमच्या २०१७ च्या गाडीचं गणित कमी इथेनॉल धरून बसवलेलं आहे, म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना ट्रिम अधिकमध्ये चार-पाच टक्के दिसू शकते. त्याने घाबरायचं नाही. पण मूळची एखादी छोटी गळती जी पूर्वी दिवा लावत नव्हती, ती आता या जास्तीच्या टक्क्यांमुळे रेषेपलीकडे जाऊ शकते.

गाडी पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा आणि आयडलिंगला ट्रिम लिहून घ्या. मग हलकी रेस देऊन आरपीएम २५०० वर मिनिटभर धरा आणि पुन्हा लिहा. आयडलिंगला +२२ आणि २५०० ला +६ असं निघालं तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात हवा कमी ओढतं, म्हणून तेवढीच गळती तिथे जास्त जाणवते. उलट आयडलिंगला ठीक आणि रेस दिल्यावर, चढावर ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळून हवा कमी मोजतोय.

एक पोटभेद आहे. काही गाड्यांत एमएएफ नसतो, फक्त मॅप सेन्सर (इनटेकमधला, म्हणजे हवा आत जाते त्या मार्गातला दाब मोजणारा) असतो. तिथे इनटेकमध्ये शिरलेली हवाही दाबातून मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी चढत नाही, आयडलिंग मात्र चढं राहतं. तेव्हा आधी तुमच्या गाडीत काय आहे ते अ‍ॅपमध्ये बघा. एमएएफचा आकडा येत नसेल तर वरचा पहिला निष्कर्ष जपून लावा.

गळती शोधायला टॉर्च आणि कान पुरतात. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतच्या, रबरी पाइपाच्या घड्या ताणून बघा, भेगा तिथेच लपतात. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढणारी) नळी, आणि पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारी) नळी चिमटून ट्रिम खाली येते का ते बघा. आणि उंदीर! पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरींबरोबर नळ्याही कुरतडतात. इंजिन कव्हर काढून मागच्या बाजूला लेंड्या दिसल्या तर निम्मा तपास तिथेच संपला. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते, पण गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो. घरी नको.

सेन्सरची परीक्षाही घेऊन टाका. जुन्या पद्धतीचा सेन्सर असेल तर इंजिन गरम असताना त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली झुलतं. जोरात रेस दिल्यावर ते वर उडी मारतं, पाय काढल्यावर शून्याजवळ पडतं. असं होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा नव्या पद्धतीचा) सेन्सर असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत. आणि सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन तो खोटंच 'पातळ' सांगतो, तेही बघा.

आता सर्व्हिसिंग. त्यात स्कॅनरचं काम लोकांना वाटतं त्याहून फार कमी आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड या सगळ्याला पाने लागतात, कॉम्प्युटर नाही. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच घाला, '०डब्ल्यू-२० फार पातळ, आपल्या उन्हाला जाडच हवं' हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा. टॉर्क रेंच आणि दोन चांगले जॅक स्टँड हे महागड्या स्कॅनरच्या आधी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही पटकन होणारं काम असलं तरी. सर्व्हिसनंतर स्कॅनरवर दोन आकडे बघून घ्या: इंजिन चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणारा स्मार्ट अल्टरनेटर असेल तर मध्येच खाली येतं, त्यात बिघाड नाही), आणि हायवेवर कूलंट ८५ ते १०० च्या दरम्यान स्थिर. थंडी नसतानाही सत्तरीतच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (गाडी गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकलाय.

स्वस्त डाँगल बहुतेक वेळा एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. तो 'कोड नाहीत' म्हणाला तरी त्याचा अर्थ इंजिनमध्ये नाहीत, इतकाच. ज्या कामांत गाडीला आज्ञा द्यावी लागते तिथे त्या त्या कंपनीचं साधन लागतं. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड बदलायचे असतील तर आधी कॅलिपरची मोटर सर्व्हिस मोडमध्ये मागे न्यावी लागते, पिस्टन जोराने दाबला तर मोटर तुटते. पोलो, व्हेंटो, रॅपिडवाल्यांसाठी व्हीसीडीएस हे स्कॅनिंग सॉफ्टवेअर आहे, फिगो-इकोस्पोर्टवाल्यांसाठी फोरस्कॅन. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवल्यापासून कित्येक मालकांनी फोरस्कॅन मुकाट्याने शिकून घेतलं. तुमची गाडी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून यापुढे जात नाही.

घरी हात लावायचाच नाही अशा गोष्टी: एअरबॅगचे पिवळे कनेक्टर, हायब्रिडच्या नारिंगी केबल, आणि डिझेल असेल तर कॉमन रेलचे (इंजेक्टरना डिझेल पुरवणारे) पाइप. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढीच दिसते.

आणि काढलेलं जुनं ऑइल बाथरूमच्या जाळीत किंवा गटारात ओतू नका. नव्या ऑइलच्याच कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते गोळा करणारा येतो. आमच्या सेक्रेटरींची पार्किंगमध्ये काम करायला हरकत नाही, पण फरशीवर डाग दिसला तर नोटीस लागते. म्हणून ऑइल काढायच्या ट्रेखाली जुना पुठ्ठा अंथरायचा, लाकडाचा भुसा मिळाला तर तोही जवळ ठेवायचा.