स्वस्तात गेलं की खोटं सांगून नेलं?

प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची होती. बाबा गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. त्यांनी जमवलेल्या सुमारे ६४० रेकॉर्ड्स, एलपी, ईपी आणि जुन्या लाखेच्या, आईने (वय ७१) एका व्यापाऱ्याला ३८,००० रुपयांना दिल्या. त्याने टॉर्च लावून दोन तास एकेक रेकॉर्ड पाहिली, काहींचे फोटो काढले आणि म्हणाला, ‘सगळी नंतरची छपाई आहे, पहिली एकही नाही.’ माझा कॉलेजात जाणारा भाचा तिथेच होता. चार महिन्यांनी त्यातलीच एक एलपी, कव्हरवर बाबांची सही असलेली, त्या व्यापाऱ्याच्या इन्स्टाग्रामवर ‘ओरिजिनल फर्स्ट प्रेस’ म्हणून ४५,००० रुपयांना दिसली. मला किंवा भावाला कुणी विचारलं नव्हतं. आई स्वतःला दोष देत बसते. व्यवहार रद्द होऊ शकतो का? बाबांची खरेदीची वही आणि काही पावत्या माझ्याकडे आहेत, त्यांचा काही उपयोग असेल तर कळवा.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सर्वांत आधी घेतो. ती वही जपून ठेवा. झेरॉक्स काढा, पानापानाचे फोटो घ्या, मूळ वही मात्र कुणाच्याही हाती देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

आधी कटू भाग. ‘फार कमी किंमत मिळाली’ एवढ्यावर आपल्याकडे व्यवहार मोडत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २० चं स्पष्टीकरण म्हणतं की वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा समज ही वस्तुस्थितीची चूक मानायची नाही. कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्दबातल होत नाही. संमती मोकळेपणाने दिली होती का, हे तपासताना न्यायालय तो अपुरेपणा विचारात घेऊ शकतं, इतकंच. व्यापाऱ्याला किंमत ठाऊक होती आणि तो गप्प राहिला, एवढंही पुरत नाही. कलम १७ नुसार नुसतं मौन म्हणजे फसवणूक नव्हे, बोलण्याचं कर्तव्य असेल तरच ते फसवणूक ठरतं. स्वस्तात घेऊन महागात विकणं हा त्याचा धंदा आहे, आणि तुमच्या आईला भाव सांगायला तो बांधील नव्हता.

पण तो गप्प राहिला नाही. तो बोलला, आणि तुमचं सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे.

‘याला काही किंमत नाही’ असं तो म्हणाला असता तर ते मत ठरलं असतं. ‘सगळी नंतरची छपाई आहे’ हे मत नाही, ते तपासता येणारं विधान आहे. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. छपाई कोणती ते त्यावरून, लेबलच्या रंगावरून आणि कव्हरवरून ओळखतात. टॉर्च घेऊन दोन तास तो तेच पाहत होता. पाहून एक सांगितलं आणि चार महिन्यांनी त्याच रेकॉर्डबद्दल जगाला नेमकं उलटं लिहिलं. त्याची ती पोस्ट हाच तुमचा मोठा पुरावा आहे. खोटं माहीत असून खरं म्हणून सांगणं ही कलम १७ खालची फसवणूक आहे, आणि अशी संमती घेऊन झालेला करार कलम १९ नुसार तुमच्या बाजूला रद्द करता येतो.

त्याचा वकील म्हणेल, बाईंनी थोडी चौकशी केली असती तर कळलं असतं. कलम १९ मध्ये तसा अपवाद आहे खरा, पण तो मौनाने झालेल्या फसवणुकीला आणि खोट्या हेतूशिवाय केलेल्या चुकीच्या विधानाला आहे. समोर बसून जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला त्याचा आडोसा मिळू नये, असं आपण मांडायचं.

आता वही. एचएमव्हीच्या रेकॉर्ड्स कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि खपणारं संगीत वर्षानुवर्षं पुन्हा छापलं जायचं, पुष्कळदा लेबलवरच्या त्याच कॅटलॉग नंबरवर. त्यामुळे नुसता नंबर जुळून भागत नाही. पण बाबांनी तारीख, दुकान आणि नंबर टिपला असेल, आणि काळाघोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’सारख्या दुकानाची (ते २०१६ मध्ये बंद झालं) १९७० ची पावती सोबत असेल, तर ती प्रत १९८५ सालची छपाई असूच शकत नाही. ज्या माणसाने कव्हरवर सही केली आणि वहीत नोंद ठेवली, त्याने स्वतःच्या नकळत तुमच्यासाठी साक्ष लिहून ठेवली आहे. व्यापाऱ्याच्या फोटोतली सही आणि वहीतलं अक्षर एकाचंच आहे, हे दाखवता आलं की ‘ती वेगळी प्रत’ म्हणायची सोय उरत नाही.

घाई करा, त्याचं कारण वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम २९. तुम्ही करार रद्द करण्याआधी त्याने ती एलपी प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकली, तर मालकी त्या गिऱ्हाइकाची होते आणि तुमच्या हाती फक्त पैशाचा दावा राहतो. म्हणून वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या : करार रद्द, उरलेल्या रेकॉर्ड्स परत करा, विकलेल्यांचा हिशेब द्या. करार अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे तुम्हालाही घेतलेले पैसे परत करावे लागतील, तेव्हा ३८,००० बाजूला काढून ठेवा आणि ते द्यायला तयार असल्याचं नोटिशीत लिहा. दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं आहे. पण मुदत आहे म्हणून थांबू नका. पोस्टचे स्क्रीनशॉट आजच घ्या. न्यायालयात ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात, म्हणून ज्या फोनवर घेतले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

‘आम्हाला विचारलं नव्हतं’ हा मुद्दा मात्र पुढे करू नका, असं माझं ठाम मत आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने आई, भाऊ आणि तुम्ही समान वाटेकरी आहात, हे खरं (आजी हयात असतील तर त्याही). पण रेकॉर्ड्स तुमच्या संमतीनेच आईकडे होत्या, आणि अशा सहमालकाकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला वस्तुविक्री अधिनियमाचं कलम २८ संरक्षण देतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मुद्दा घेतला की तुम्ही आईविरुद्ध उभ्या राहता. या दाव्यात मुख्य साक्षीदार आईच आहेत. नोटिशीवर तिघांनीही सह्या करा.

ग्राहक आयोगाचा रस्ता इथे नाही, कारण आई विकणाऱ्या आहेत, गिऱ्हाईक नव्हेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येईल, पण पोलीस ‘दिवाणी मामला आहे’ म्हणण्याची शक्यता मोठी. आधी नोटीस. आणि त्या व्यापाऱ्याचं नाव सोशल मीडियावर टाकून त्याला बदनामीची केस आयती देऊ नका.

रकमेबद्दल स्पष्ट बोलतो. ४५,००० ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. ६४० गुणिले काहीतरी असा हिशेब मनात आणू नका. लाखोंनी खपलेल्या सिनेसंगीताच्या प्रती घरोघरी आहेत, त्या स्वस्तच जातात. जे तेव्हा खपलं नाही आणि म्हणून थोडं छापलं गेलं, त्यालाच आज शोधणारे आहेत. शिवाय मुंबईच्या पावसाळ्याने कव्हरला बुरशी धरली असेल, आडव्या थप्पीने एलपी वाकली असेल, तर तीच रेकॉर्ड निम्म्यानेही जात नाही. ६४० मध्ये खरोखर मोलाच्या दहा-पंधरा निघाल्या तरी पुष्कळ. त्या कोणत्या, हे वहीवरून काढा. डिस्कॉग्जसारख्या रेकॉर्ड्सच्या संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या प्रतींचे भाव दिसतात. ते पाहा, मागणीचे नकोत. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या जाणकार संग्राहकांपैकी कुणी लेखी मत देतं का, तेही विचारा. माझ्या अंदाजाने त्या मोजक्या रेकॉर्ड्स परत आणि बाकीचा व्यवहार कायम, अशी तडजोड तुमच्या हिताची ठरेल. वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालण्यापेक्षा ७१ वर्षांच्या आईला ती सोसेल.

वकिलाची फी अडत असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तुम्ही आणि आई दोघीही पात्र आहात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा आणि दावापूर्व लोकअदालतीचीही मागणी करा.

आणि आज रात्री आईजवळ बसून, दोष न देता, त्या दुपारी तो माणूस नेमकं काय म्हणाला ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. भाच्याला वेगळं बसवून त्याच्याकडूनही लिहून घ्या, एकमेकांचं न वाचता. दोन्ही कागदांवर आजची तारीख घाला आणि नोटिशीसाठी वकिलाकडे जाताना वहीसोबत घेऊन जा.